महाडच्या बाजारातला चहा

पोलादपूरला उतरून महाबळेश्वरची गाडी धरायची असली, की मध्ये तास-दीड तासाची मोकळीक हटकून मिळते. पहाटेची वेळ असते. रात्रभर गाडीत अवघडलेले अंग घेऊन आपण उतरतो, सावित्रीकडून येणारा गार वारा कानाला झोंबतो आणि समोर दोन रस्ते दिसतात. एक डावीकडे वळून आंबेनळीच्या घाटाने प्रतापगडावरून महाबळेश्वरला चढतो; दुसरा सरळ कशेडीकडे, खेड-चिपळुणाकडे जातो. गाव लहान. शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी याच गावात आहे आणि तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यात. पण पहाटे साडेपाचाला माणसाला इतिहास आठवत नाही, चहा आठवतो.

मी ज्या दुकानात जातो त्याच्यावर पाटी नाही. पूर्वी होती म्हणे, एका पावसाळ्यात ती उडाली आणि "गिऱ्हाईक काय पाटी खायला येतंय?" म्हणून मालकांनी पुन्हा लावली नाही. तीन मेजे, सहा बाकडी, भिंतीवर गणपतीचे एक कॅलेंडर आणि फळीवर ओळीने मांडलेल्या बरण्या. गल्ल्यावर तात्या. आत चुलाण्यापाशी काकू. मुलगा चहा गाळतो, सूनबाई घावन घालते, आणि शाळेची वेळ होईपर्यंत नात हिशेबाची वही सांभाळते. काय मिळते ते लिहिलेले कुठेच नाही. "काय आहे?" असे विचारले तर तात्या म्हणतात, "जे झालंय ते येईल. बसा." मग कधी घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी येते, कधी तांदळाची भाकरी आणि पावट्याची उसळ, आणि काकूंचे गुडघे दुखत असले तर नुसते पोहे. एकदा मुंबईच्या एका मंडळीने इडली मागितली. तात्यांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, की बिचाऱ्यांनी मुकाट्याने भाकरी खाल्ली आणि जाताना दोन बांधूनही नेल्या.

या दुकानाच्या दोन रीती माझ्या ध्यानात राहिल्या आहेत. एक म्हणजे, बाकावर टेकता टेकता तात्या विचारतात, "कुठले?" गाव सांगितल्यावाचून घावन पुढे येत नाही. दुसरी रीत याच्या अगदी उलट आहे. पाणी मात्र या प्रश्नाच्याही आधी येते. तुम्ही पिशवी ठेवायच्या आत पितळेचा तांब्या आणि पेला समोर असतो. तुम्ही खाणार आहात की नुसते पावसाच्या आडोशाला उभे आहात, याची कुणी वास्तपुस्त करीत नाही.

एकदा मी सहज म्हटले, "तात्या, आधी विचारून तरी घ्यावे. मला तहान नाही."

"राहू द्या तसंच. आमच्या बाची शिकवण हाय. पाणी कुणाला इचारून द्यायचं नाय."

तात्यांचे वडील मुंबईला गिरणीत होते. या दोन तालुक्यांतल्या घरटी एका माणसाची हीच हकीकत असायची. शेत दीड एकराचे, खाणारी तोंडे नऊ. तेव्हा कर्ता मुलगा मुंबईला आणि मनिऑर्डर गावाला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो कधी संपला असे कुणाला नीट सांगता येत नाही. हळूहळू माणसेच परतली. तात्यांचे वडील परतले ते एक स्टोव्ह, दोन डझन पेले आणि लालबागच्या खानावळीत शिकलेली उसळ घेऊन. त्यातून हे दुकान झाले. त्यांच्या आधीच्या पिढीने महाडचा बाजार पाहिलेला होता. पाणी विचारून द्यायचे नाही, हा नियम मुंबईचा नव्हे, महाडचा आहे, असे तात्यांच्या बोलण्यात आले, आणि पुढचे सारे लिहिणे त्या एका वाक्यामुळे घडले आहे.

आज हॉटेलात शिरल्यावर पोऱ्या पाण्याचा पेला आदळतो, आणि पेल्यात त्याचे बोट बुडाले होते का, याचीच तेवढी आपल्याला काळजी. पण हा पेला न विचारता समोर येण्यामागे केवढी उस्तवार झाली आहे, ते पाहिले म्हणजे गंमतही वाटते आणि शरमही.

मुळात बाहेर न्याहारी करणे ही आपल्याकडची चाल नव्हे. न्याहारी घरची, नाचणीची नाहीतर तांदळाची भाकरी, लसणीची चटणी, रात्रीचा भात, आजारी माणसाला पेज. प्रवासाला निघाला तर शिदोरी बांधून घ्यायची आणि ती संपली की नदीकाठी तीन दगड मांडायचे. धर्मशाळेत छप्पर मिळे, चूल पेटवायला जागा मिळे, शिजवलेले अन्न मिळत नसे. शिजवलेले अन्न कुणाच्या हातचे, हा प्रश्न होता ना! कोरडा शिधा कुणाकडूनही चाले. त्याला पाणी लागले की त्याची जात ठरे. पाण्यात हा गुण कुणी घातला, हे मला अद्याप उमगलेले नाही. ज्या पाण्याने सगळे धुतले जाते, तेच सगळ्यांत आधी बाटते!

या व्यवस्थेत चहा शिरला आणि त्याने मोठा घोटाळा करून ठेवला. चहा म्हणजे अन्न की औषध की नुसते गरम पाणी, हेच शास्त्रीमंडळींना ठरवता येईना. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जे झाले ते प्रसिद्धच आहे. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी मोठमोठी मंडळी एका व्याख्यानाला गेली. तिथे पाद्र्यांनी चहाबिस्किटे पुढे केली. कुणी घेतला, कुणी नुसताच कप हातात धरला, कुणी कप तसाच खाली ठेवला. गोपाळराव जोशांनी या सगळ्यांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापवून आणली आणि शहरात एकच गिल्ला झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, आणि रानड्यांसारख्या माणसाला अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. कपभर चहासाठी!

पुढे चहा गावोगाव पोचला तो धर्मसुधारणेने नव्हे, व्यापाराने. १९०३ साली कायदा होऊन चहाच्या निर्यातीवर पट्टी बसली आणि त्या पैशातून चहाचा प्रसार सुरू झाला. स्टेशनांवर, कारखान्यांत, बाजारांत किटल्या फिरू लागल्या. मुंबईत इराण्यांची दुकाने होती; तिथे मालकच परधर्मी, त्यामुळे जात विचारायची सोय नव्हती. बंदरातून बोटीने परतणाऱ्या चाकरमान्याबरोबर चहाची पुडी कोकणात आली आणि बाजारपेठांतून चहाची दुकाने उभी राहिली. मात्र मुंबईचा चहा कोकणात येताना मुंबईचा बाक घेऊन आला नाही. दुकानाच्या आत बसायचे कुणी, बाहेर उभे राहायचे कुणी, हे गावाच्या रीतीने ठरे. ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणत, त्यांच्यासाठी वेगळी कपबशी खुंटीला नाहीतर वळचणीला ठेवलेली असे. ती त्यांनीच खाली घ्यायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, विसळून पुन्हा तिथेच ठेवायची; आणि पैसे मालकाच्या हातात द्यायचे नाहीत, फळीवर ठेवायचे. पैशाला विटाळ कसा होत नसे, हे विचारू नये.

महाड ही या मुलखातली मोठी पेठ. सावित्रीच्या खाडीतून गलबते वर येत, दासगावला बोटी लागत, आणि घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून नि गाड्यांतून खाली उतरे. गावाजवळच पाल्याच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत आणि तिथे खडकात खोदलेल्या पाण्याच्या पोढ्या आहेत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाटसरूंच्या नि भिक्षूंच्या तहानेची तजवीज करून ठेवली होती. त्याच महाडात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात बाजाराच्या दिवशी काय चाले? आसपासच्या वाड्यांतून लाकडाच्या मोळ्या, गवताचे भारे डोक्यावर घेऊन माणसे पहाटे निघत. त्यांतली जी महार-चांभारवाड्यांतली, त्यांचा भारा विकत घ्यायला कुणाची हरकत नसे. पण भारा उतरवल्यावर जी तहान लागते, तिला महाडात जागा नव्हती. गावाच्या मध्यभागी चवदार तळे होते, काठोकाठ भरलेले. त्यावर गुरे पाणी पीत, इतर धर्माची माणसे पाणी भरीत. यांनी मात्र घराकडे परत निघायचे आणि वाटेत ओढा लागेल तो लागेल.

इथे एका मुलाची ओळख करून दिली पाहिजे. रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३ सालचा, महाडजवळच्या लाडवलीचा, घर दासगावचे. या भागात पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या महार कुटुंबांची वस्ती होती, आणि त्यामुळे लिहिण्यावाचण्याची ओढ इतर ठिकाणांपेक्षा अंमळ आधी लागलेली. गोपाळबाबा वलंगकर याच पट्ट्यातले, रावढूळचे, तेही पलटणीतलेच. मोरे शिष्यवृत्ती मिळवून महाडच्या इंग्रजी शाळेत नाव घालायला गेले, तेव्हा त्यांना आत घेईनात. मुलाचे वय अकरा-बारा. त्याने रडत घरी न जाता पत्र लिहिले, ते छापून आले, आणि शाळेला त्याला घेणे भाग पडले. घेतले म्हणजे काय, तर इतर मुलांपासून वेगळे बसवले. या मुलाला तहान लागल्यावर तो कुठे जात असेल, याचा विचार करून पाहा. पाहुण्यांसाठी सकाळी फराळाचे ताट मांडताना आपण आधी पाण्याचा तांब्या ठेवतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

मोऱ्यांच्या लिहून ठेवलेल्या आठवणी त्यांच्या चिरंजीवांनी पुढे प्रसिद्ध केल्या. त्यांतून कळते, की १९२७ च्या आधीच्या काही वर्षांत या लोकांसाठी महाडच्या बाजारात एक चहाचे दुकान निघाले आणि त्यामागे मोऱ्यांची खटपट होती. कल्पना साधी होती. बाजाराला आलेल्या आपल्या माणसाला बसायला जागा, कपभर चहा आणि पोटभर पाणी. महाडसारख्या गावात पाणी मिळायची ही त्यांची पहिली हक्काची जागा. कुणी त्याला हॉटेल म्हणे. हॉटेल कसले, चार माणसे टेकली की भरेल एवढे. पण तिथे आत आणि बाहेर असा भेद नव्हता, आणि खुंटीवरची कपबशी नव्हती.

दुकान म्हटले की बोलणे आले. लाकूडफाटा विकून आलेला माणूस, पेन्शन घ्यायला आलेला जुना शिपाई, मुंबईहून बोटीने उतरून गावाकडे निघालेला गिरणीवाला, सगळे तिथे येऊन बसू लागले. मोरे बाकावर बसून लोकांचे अर्ज लिहून देत, पत्रे वाचून दाखवीत. अर्ज लिहायला बसले म्हणजे गाऱ्हाणी कळतात, आणि एकाचे गाऱ्हाणे दुसऱ्याने ऐकले म्हणजे ते त्या एकाचे राहत नाही. कुलाबा जिल्ह्याची परिषद महाडला भरवावी आणि तिला डॉक्टर आंबेडकरांना आणावे, हा विचार मोऱ्यांच्या मनाने घेतला. त्याची बोलणी या चहावर वाढली. पुण्यामुंबईच्या चहाच्या दुकानांतून क्रांत्या रोज होत असतात नि बिल देताना संपतात, असा माझा अनुभव आहे. महाडातले हे दुकान त्याला अपवाद म्हणावे लागेल.

अशा दुकानांचा वकूब ओळखणारा एक राजाही तेव्हा होता. कोल्हापूरच्या पागेतल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले ते केलेच. पण गंगारामला भांडवल देऊन चहाचे दुकान काढायला लावले. दुकान निघाले, गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी दुकानापुढे उभी करू लागले आणि "गंगाराम, चहा आण" म्हणून स्वतः घेऊ लागले, आणि गाडीतल्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. छत्रपतींनी कप तोंडाला लावल्यावर सरदाराने नाही म्हणायचे कसे? हुकूम काढून जे झाले नसते ते दोन घोटांत झाले. महाडच्या दुकानापाशी मात्र कुणा राजाची गाडी उभी राहणार नव्हती. तिथल्या लोकांना आपले आपणच पाहायचे होते.

कागदावर सगळे ठीक होते, हे विशेष. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पैशाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांना खुली असावीत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस तिथले पुढारी, मनाचे सरळ. पण ठराव दप्तरात आणि पाणी तळ्यात. दोघांची गाठ पडायला तीन वर्षे लागली.

परिषद १९ आणि २० मार्च १९२७ ला भरली. गावोगावचे काही हजार लोक आले. मंडपात एवढ्या माणसांना प्यायला पाणी हवे. ते चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले. त्या काळी गिरणीतला कामगार महिनाभर राबून जेवढे घरी आणी, साधारण तेवढी ही रक्कम. तळे खुले असलेल्या गावात! दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी अनंतराव चित्र्यांनी ही गोष्ट काढली आणि सगळे मिळून तळ्यावर जाऊ, असे सुचवले. रांगेने लोक निघाले. डॉक्टरांनी ओंजळभर पाणी घेतले, मागोमाग इतरांनी.

या प्रसंगाची चित्रे आपण पुष्कळ पाहिलेली आहेत. पण त्यानंतर तास-दोन तासांत जे झाले त्याचे चित्र कुणी काढीत नाही, आणि माझ्या विषयाशी त्याचाच संबंध अधिक आहे. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि जमाव लाठ्या घेऊन मंडपावर चालून आला. पुष्कळ पाहुणे परतीच्या वाटेला लागले होते. जे राहिले होते त्यांतले बरेचसे जेवायला बसले होते. जमावाने शिजवलेले अन्न मातीत मिसळले, भांडी चेचली, हाती लागेल त्याला झोडपले. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. आंबेडकर तेव्हा डाकबंगल्यावर होते. मार खाल्लेल्यांत पलटणीतली माणसे होती, त्यांचे हात शिवशिवत होते. त्यांनी सर्वांना आवरून धरले. आवरून धरले नसते तर काय झाले असते, याचा अंदाज महाडकरांनी मागाहून केला असेलच. मला आपले राहून राहून पानावरून उठलेल्या माणसाचे वाटते. आपल्याकडे वैऱ्यालाही भरल्या पानावरून उठवीत नाहीत, असे लहानपणी शिकवतात.

तळे मग शुद्ध करण्यात आले. १०८ मडकी पाणी उपसले, पंचगव्य ओतले, मंत्र म्हटले, आणि गावाने ते पाणी पुन्हा प्यायला घेतले. नगरपालिकेने आपला ठराव ४ ऑगस्ट १९२७ ला मागे घेतला. बोले यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. तारीख कुणी मुद्दाम निवडली असेल असे वाटत नाही, पण काळाला असले विनोद सुचतात. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. मंडपासाठी जागा दिली ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी. परिषदेच्या तोंडावर तळे खाजगी असल्याचा दावा कोर्टात लागला आणि मनाईहुकूम आला. म्हणून तळ्यावर न जाता २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचे दहन झाले. दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबईच्या हायकोर्टाने निकाल दिला, की अस्पृश्यांना वगळण्याचा असा काही पूर्वापार हक्क सिद्ध होत नाही. एका ओंजळीचा निकाल लागायला दहा वर्षे!

या दहा वर्षांत कोकणात दुसरीकडेही बाकांची उलथापालथ चालू होती. रत्नागिरीला स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी १९३३ साली अखिल हिंदू उपाहारगृह काढवले. तिथे सर्व जातींनी एकत्र बसून चहाफराळ घ्यायचा, आणि तो अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातून घ्यायचा. सावरकर आणि मोरे यांचे रस्ते पुढे इतके वेगळे गेले, की एका बाकावर दोघांना बसवणे दोघांनाही रुचले नसते. मोरे कम्युनिस्ट झाले आणि १९७२ साली वारेपर्यंत कामगारांत राहिले. पण बाकाचे महत्त्व दोघांनीही ओळखले होते, एवढे खरे.

हे आपल्याच देशात घडले अशीही समजूत करून घेऊ नये. अमेरिकेत ग्रीन्सबरो नावाच्या गावी १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे विद्यार्थी एका मोठ्या दुकानातल्या उपाहाराच्या काउंटरवर बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. त्याच दुकानात त्यांनी वही-दंतमंजनादी वस्तू विकत घेतल्या होत्या, त्या द्यायला हरकत नव्हती. कॉफी मात्र देईनात. तेव्हा ते दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, आणखी सोबती घेऊन. त्या काउंटरवर काळ्या माणसाला खाणे मिळायला जुलै उजाडला. मोळी घ्यायची पण पाणी द्यायचे नाही, हा महाडच्या बाजाराचा हिशेब सातासमुद्रांपलीकडे त्याच आकड्यांत मांडलेला होता.

आपल्या घटनेचे पंधरावे कलम सवड काढून एकदा वाचावे. मोठमोठ्या तत्त्वांच्या त्या ग्रंथात मध्येच दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले असे शब्द येतात, आणि लगेच पुढच्या ओळीत विहिरी, तळी, स्नानाचे घाट. वाचणाऱ्याला नवल वाटते, की राज्यघटनेत हॉटेल कशाला? ज्याने मसुदा समितीचे अध्यक्षपद सांभाळले, तो चवदार तळ्यावरून आलेला होता, हे ध्यानात घेतले की नवल राहत नाही. पुढे १९५५ साली अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा झाला. त्यात तर हॉटेलातल्या भांड्यांचासुद्धा उल्लेख आहे. सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हा गुन्हा. म्हणजे खुंटीवरच्या त्या कपबशीला संसदेने नाव घेऊन खाली उतरवले. ती सगळीकडून उतरली असे मी म्हणणार नाही. काही गावांत तिने नुसते रूप बदलले आहे. कपबशीऐवजी एका गिऱ्हाइकाला काच येते नि दुसऱ्याला कागद, आणि विचारले तर "गर्दी होती" असे उत्तर येते.

गेल्या खेपेला मी मुद्दाम महाडला उतरलो. तळ्याच्या काठी उजाडत होते. पायऱ्या, कठडा, मधोमध बाबासाहेबांचा पुतळा. मार्चात इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मी, एक फिरायला आलेले पेन्शनर आणि चार बगळे. बाजारपेठेतून चालत गेलो. दुकानांच्या भिंतींवर छातीपेक्षा उंच अशी एक मातकट रेघ अजून कुठे कुठे दिसते. २२ जुलै २०२१ च्या पुराची ती खूण. त्या रात्री महाड बुडाले, तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूरच्या डोंगरातही वाड्या गाडल्या गेल्या, आणि आंबेनळीचा घाट दरडींनी बंद पडला. गावभर पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही अवस्था महाडने त्या दिवसांत पाहिली. तेव्हा टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या त्या कुणाच्या मागे कोण, हे न पाहता लागल्या.

पोलादपूरला पोचलो तेव्हा तात्यांना पुराचे विचारले. गल्ल्यावरून ते फारसे बोलत नाहीत. पण त्या दिवशी दुकानात मी एकटाच होतो. म्हणाले, वर घाट बंद, खाली महाड बुडालेले, वीज नाही. ट्रकवाले, एस्.टी.वाले, कुणाकुणाची बायकामुले, सगळे मध्ये अडकले. काकूंनी चुलाणे विझू दिले नाही. तांदूळ संपत आला तेव्हा शेजाऱ्यांनी आणून दिला. लोकांपाशी सुटे पैसे नाहीत, फोन बंद, यंत्रे बंद.

"मग फुकट घातलं का सगळ्यांना?"

"फुकट कशाला? फुकटचं माणसाला लागत नाय अंगाला. उधार लिवलं."

नातीने फडताळातून वही काढून दाखवली. तेव्हा ती लहान होती. अक्षर मोठे नि गोल. नावे विचारायला वेळ नव्हता आणि आडनावे विचारायची आजोबांची मनाई, म्हणून तिने ज्याला त्याला गाव विचारले होते आणि गावच लिहिले होते. 'सातारा ट्रक, चहा ९, भाकरी ६.' 'खेडचे, म्हातारी आणि २ पोरे, पेज.' 'कोल्हापूर, दुधाचा टेंपो, चहा ४, दूध आपल्याला दिले.' 'वाईचे नवरानवरी.' अशी चार पाने. जवळजवळ प्रत्येक ओळीवर नंतर निळ्या पेनने काट मारलेली. माणसे महिन्या-दोन महिन्यांनी, कुणी वर्षाने, त्या वाटेने जाताना थांबली होती आणि आपले गाव सांगून पैसे देऊन गेली होती.

मी न काटलेल्या ओळी मोजू लागलो. तीन निघाल्या.

"येतील," तात्या म्हणाले, आणि दारात पिशवी सावरीत उभ्या राहिलेल्या कुणा अनोळखी माणसाकडे पाहून त्यांनी नातीला खूण केली. तिने वही मिटली आणि तांब्या उचलला.